दम्याचे औषध आणि खेळाडूचा दोष

व्यावसायिक सायकल शर्यतींत उत्तेजकांचा संशय इतका मुरला आहे, की विजेत्याला दमा आहे आणि तो पंप घेतो एवढे कळले तरी त्याच्या विजयाकडे वाकड्या नजरेने पाहिले जाते. या संशयात तीन वेगळे प्रश्न एकमेकांत गुंतलेले असतात. औषधाने आजार हटवणे आणि औषधाने ताकद वाढवणे यांच्यातली सीमा कुठे आखायची, हा पहिला. मनात खोट नसताना शरीरात निषिद्ध द्रव्य सापडले तर खेळाडूला दोषी म्हणायचे का, हा दुसरा. पुरावा अपुरा असताना संशयाला किती किंमत द्यायची, हा तिसरा. पहिला प्रश्न वैद्यकाचा, दुसरा नीतीचा आणि तिसरा प्रमाणशास्त्राचा. आयुर्वेदाने आणि भारतीय दर्शनांनी या तिन्हींचा विचार अगदी वेगळ्या निमित्ताने फार पूर्वी केलेला आहे आणि तो आजच्या वादातही उपयोगी पडतो.

महाराष्ट्राला हा विषय परका नाही. मुंबई–पुणे सायकल शर्यतीत बोरघाट सर्वांत आधी चढून जाणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणण्याची प्रथा जुनी आहे. जानेवारी २०२६ मध्ये पुणे जिल्ह्यात ‘पुणे ग्रँड टूर’ ही ४३७ किलोमीटरची टप्प्यांची शर्यत झाली आणि इथले घाटरस्ते यूसीआय या जागतिक सायकल संघटनेच्या वेळापत्रकात आले. हिंजवडीकडून मुळशी तालुक्यातल्या कासारसाई धरणाकडे जाणाऱ्या रस्त्यावर सुटीच्या दिवशी सकाळी सायकलस्वारांचे घोळके दिसतात. त्यांच्यापैकी एखादा उद्या परवाना काढून शर्यतीत उतरला, की त्याच्या पंपापासून खोकल्याच्या बाटलीपर्यंत सगळे आंतरराष्ट्रीय नियमांच्या कक्षेत येते.

दम लागणे आणि दमा

स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला साधारण ६ ते ८ लिटर हवा आत घेतो. जीव तोडून घाट चढणारा सायकलपटू १५० लिटरांहून अधिक घेतो. एवढी हवा नाकातून जाऊ शकत नाही, म्हणून तो तोंडाने श्वास घेतो. थंड, कोरडी आणि धुळीची हवा गाळली न जाता, ओलसर न होता थेट श्वासनलिकांत पोचते. नलिकांचे अस्तर कोरडे पडते, तिथल्या पेशी दाहकारक रसायने सोडतात आणि नलिकांभोवतीचे स्नायू आवळले जातात. रोज कित्येक तास, वर्षानुवर्षे हे घडत राहिले की मूळचा दमा नसलेल्या खेळाडूलाही व्यायामाने होणारा श्वासनलिकांचा आकस जडतो. सायकल, पोहणे, बर्फावरचे स्कीइंग अशा दमसासाच्या खेळांत दम्याचे प्रमाण सर्वसाधारण लोकांपेक्षा जास्त आढळते, त्यामागे हे कारण आहे. या शतकाच्या पहिल्या दशकातल्या ऑलिंपिक स्पर्धांत सुमारे ८ टक्के खेळाडूंना दमा किंवा श्वासनलिकांची अतिसंवेदनशीलता असल्याचे चाचण्यांनी नोंदले गेले. ‘इतक्या सायकलपटूंना दमा कसा?’ या प्रश्नात लबाडीचा वास येत असला, तरी त्याच्या उत्तराचा बराचसा भाग शरीरशास्त्रात आहे.

पुणे परिसरात त्यात आणखी एक भर पडते. १९५५ च्या सुमारास भारतात प्रथम पुण्यातच नोंदले गेलेले गाजर गवत, म्हणजे लोकांच्या तोंडचे काँग्रेस गवत, पावसाळ्यानंतर रस्त्याच्या कडेने फुलते. त्याचे पराग त्वचेच्या आणि श्वासाच्या ॲलर्जीला कारण ठरतात.

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात, सतराव्या अध्यायात, श्वासाचे पाच प्रकार सांगितले आहेत : महाश्वास, ऊर्ध्वश्वास, छिन्नश्वास, तमकश्वास आणि क्षुद्रश्वास. श्रमाने लागणारी धाप क्षुद्रश्वासात येते. ती विश्रांतीने ओसरते आणि शरीराला फारशी पीडा देत नाही. आजच्या दम्याशी जुळणारी लक्षणे तमकश्वासात येतात. श्रमाची धाप आणि रोगाची धाप वरवर सारखी दिसली तरी त्या निराळ्या आहेत, हा विवेक इथे स्पष्ट आहे. आज तोच विवेक श्वासमापनाच्या चाचण्यांनी केला जातो. धाप लागते म्हणून पंप दिला, एवढे पुरेसे नाही. नलिका खरोखर आवळतात का आणि औषधाने मोकळ्या होतात का, हे मोजून दाखवावे लागते.

पंपातले नेहमीचे औषध म्हणजे साल्ब्युटामॉल. एका दाबात साधारण १०० मायक्रोग्रॅम बाहेर पडते. काही मिनिटांत नलिकांचे स्नायू सैल होतात आणि परिणाम चार ते सहा तास टिकतो. निरोगी खेळाडूने नेहमीच्या मात्रेत हे औषध श्वासावाटे घेतले तर त्याचा दमसास वाढतो असे संशोधनात दिसलेले नाही. हेच द्रव्य गोळीतून किंवा मोठ्या मात्रेत रक्तात गेले, की स्नायूंची ताकद आणि झटक्यात लागणारा जोर वाढू शकतो. याच गटातले क्लेनब्युटेरॉल मांस वाढवण्यासाठी जनावरांनाही दिले गेले आहे. एकाच औषधाची ही दोन रूपे असल्यामुळे जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने, म्हणजे ‘वाडा’ने, सरसकट बंदी किंवा सरसकट मोकळीक यांऐवजी मापाचा मार्ग धरला. साल्ब्युटामॉल श्वासावाटे २४ तासांत १६०० मायक्रोग्रॅमपर्यंत, म्हणजे सुमारे सोळा दाब, चालते. आठ तासांत ६०० च्या वर जाता येत नाही. लघवीत दर मिलिलिटरमागे १००० नॅनोग्रॅमहून अधिक आढळले, तर खुलासा खेळाडूने द्यायचा.

भारतात या मापाची एक अडचण रोजच्या व्यवहारात दिसते. खोकला वाढला की दवाखान्यात वाफ देतात, म्हणजे नेब्युलायझर लावतात. त्याच्या मोठ्यांसाठीच्या एका छोट्या कुपीत बहुधा २.५ मिलिग्रॅम साल्ब्युटामॉल असते. ते झाले २५०० मायक्रोग्रॅम. सामान्य रुग्णाला ही योग्य मात्रा आहे, पण खेळाडूसाठी त्या एका वाफेत दिवसभराची मर्यादा ओलांडली जाते. म्हणून अशा उपचारासाठी आधी किंवा तातडी असल्यास लगेच नंतर परवानगी मागावी लागते.

उपचार की वर्धन

औषध दोन प्रकारचे असते, असे चरकसंहितेत चिकित्सास्थानाच्या आरंभीच सांगितले आहे. एक निरोगी माणसाचे बळ वाढवणारे, दुसरे आजाऱ्याचा रोग हटवणारे. रसायन आणि वाजीकरण पहिल्या प्रकारात येतात. आधुनिक क्रीडानीती ज्या रेषेवर उभी आहे ती हीच. मात्र चरकसंहिता तिथे थांबत नाही. ही विभागणी प्राधान्याची आहे, दोन्ही प्रकारची औषधे दोन्ही कामे करतात, असा खुलासा पुढेच येतो. बळ देणारे औषध रोगही हटवू शकते आणि रोग हटवणारे औषध बळही देऊ शकते. म्हणजे उपचार आणि वर्धन यांतली रेषा द्रव्याच्या अंगावर कोरलेली नाही. ते कोणाला दिले, किती दिले आणि कशासाठी दिले, यावरून ती ठरते.

‘टीयूई’ या नावाने ओळखली जाणारी उपचारार्थ सूट हेच तत्त्व नियमात उतरवते. निषिद्ध औषध वापरायला परवानगी हवी असेल तर आजाराचे निदान सिद्ध हवे, औषधाने खेळाडू त्याच्या नेहमीच्या आरोग्यापर्यंतच यावा, त्यापलीकडे त्याची क्षमता वाढू नये, दुसरा रास्त पर्याय नसावा आणि आजार आधीच्या उत्तेजकसेवनातून उद्भवलेला नसावा. यातली दुसरी अट तत्त्वज्ञानाच्या दृष्टीने सर्वांत अवघड आहे. नेहमीचे आरोग्य म्हणजे कोणते? तीन आठवड्यांत तीन हजारांहून अधिक किलोमीटर सायकल चालवणाऱ्या माणसाच्या बाबतीत नेहमीचे असे काय उरते?

ब्रॅडली विगिन्सच्या प्रकरणात हा प्रश्न टोकाला गेला. २०१२ ची टूर द फ्रान्स जिंकणाऱ्या या ब्रिटिश सायकलपटूला २०११ आणि २०१२ च्या टूरआधी आणि २०१३ च्या जिरो द इतालिया या इटलीतल्या शर्यतीआधी ट्रायमसिनोलोन या कॉर्टिकोस्टेरॉइडचे इंजेक्शन देण्यात आले होते. कारण परागांची ॲलर्जी आणि दमा. प्रत्येक वेळी परवानगी होती. सप्टेंबर २०१६ मध्ये हॅकरांनी ही कागदपत्रे उघड केली. मार्च २०१८ मध्ये ब्रिटिश संसदेच्या समितीने असे मत दिले, की नियमभंग झाला नसला तरी संघाने नीतीची मर्यादा ओलांडली. विगिन्सने आणि संघाने हा आरोप फेटाळला. हे औषध दाह कमी करते, पण वजन उतरवण्यासही मदत करू शकते. घाट चढणाऱ्याचे वजन कमी झाले आणि जोर तसाच राहिला तर त्याचा लाभ उघड आहे. पुढे १ जानेवारी २०२२ पासून ‘वाडा’ने स्पर्धेच्या काळात अशा औषधांची सर्व प्रकारची इंजेक्शने निषिद्ध ठरवली.

या प्रकरणातून एक गोष्ट स्पष्ट होते. परवानगीचा कागद असणे आणि औषध उपचारासाठीच असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कायदा पहिली तपासू शकतो. दुसरीची खात्री डॉक्टरच्या आणि खेळाडूच्या सचोटीवर उभी असते. म्हणून या क्षेत्रातला डॉक्टर केवळ रुग्णाचा सेवक राहत नाही. तो सोबत धावणाऱ्या इतर सगळ्यांच्या न्यायाचाही विश्वस्त असतो.

रेषा एवढी धूसर असेल तर ती पुसूनच टाकावी आणि डॉक्टरच्या देखरेखीखाली सगळ्यांना सगळे घेऊ द्यावे, असे मांडणारे विचारवंत आहेत. ऑस्ट्रेलियन तत्त्वज्ञ ज्युलियन सावुलेस्कू हे त्यांतले प्रमुख नाव. या भूमिकेत प्रामाणिकपणा आहे, पण तिचा भार सर्वांत दुबळ्यावर पडतो. काही जणांनी घेतले की उरलेल्यांना घेणे भाग पडते, आणि मग खेळायचे असेल तर शरीर पणाला लावा, ही अट प्रत्येक नवशिक्यावर लादली जाते. १३ जुलै १९६७ रोजी टूर द फ्रान्समध्ये माँ व्हाँतूच्या चढावर टॉम सिम्पसन कोसळला आणि मरण पावला. त्याच्या शरीरात ॲम्फेटामाइन आढळले होते. संध्याकाळ झाली म्हणून दिवस आणि रात्र यांतला भेद खोटा ठरत नाही, तसेच सीमेवर धूसरपणा आहे म्हणून उपचार आणि वर्धन यांतला भेद खोटा ठरत नाही.

हेतू नसताना दोष

उत्तेजकविरोधी नियमांचा कणा म्हणजे निरपवाद जबाबदारी. शरीरात निषिद्ध द्रव्य सापडले की नियमभंग झाला. ते कसे आले, का आले, हे शिक्षा ठरवताना पाहायचे. महाराष्ट्रात या तत्त्वाचा सर्वांत परिचित अनुभव सायकलीतला नाही, क्रिकेटमधला आहे, आणि तोही दम्याच्या औषधाचाच. मुंबईचा सलामीवीर पृथ्वी शॉ याने ऑक्टोबर २०१८ मध्ये राजकोटला कसोटी पदार्पणातच १३४ धावा केल्या होत्या. २२ फेब्रुवारी २०१९ रोजी इंदूरला सय्यद मुश्ताक अली स्पर्धेदरम्यान घेतलेल्या त्याच्या नमुन्यात टर्ब्युटालीन सापडले. हे श्वासनलिका सैल करणारे औषध साल्ब्युटामॉलच्याच गटातले आहे. मात्र त्याला श्वासावाटेही मोकळीक नाही, परवानगी लागतेच. श्वसनमार्गाच्या संसर्गासाठी घेतलेल्या खोकल्याच्या औषधातून ते नकळत आले, हा त्याचा खुलासा क्रिकेट मंडळाने मान्य केला आणि आठ महिन्यांची बंदी १६ मार्चपासून मागील तारखेने लागू केली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मंडळाने आपल्या खेळाडूंच्या चाचण्या राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेकडे, म्हणजे ‘नाडा’कडे, सोपवण्याचे मान्य केले.

औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या कफाच्या अशा बाटलीचे लेबल पाहिले तर चूक कशी होते ते कळते. टर्ब्युटालीन सल्फेट, ब्रोमहेक्झिन, ग्वाइफेनेसिन अशी तीन-चार नावे बारीक अक्षरांत एकाखाली एक असतात. पहिले निषिद्ध, बाकीची निर्धोक. घरातल्या आईला, गल्लीतल्या डॉक्टरला किंवा दुकानदाराला यात वावगे काही दिसत नाही, कारण रुग्णासाठी त्यात वावगे नसतेच.

मग दोष कोणता? पाली मज्झिमनिकायातल्या उपालि सुत्तात या प्रश्नावरचा एक प्राचीन वाद आहे. शरीराने, वाणीने आणि मनाने घडणाऱ्या कर्मांपैकी सर्वांत दोषास्पद कोणते? त्या सुत्तातल्या मांडणीप्रमाणे निगंठांच्या, म्हणजे जैनांच्या, मते शरीराचे, बुद्धाच्या मते मनाचे. हेतू नसेल तर कृतीचे पापच बदलते, अशी बौद्धांची भूमिका. हे वर्णन प्रतिपक्षाच्या ग्रंथातले असल्याने जैनांचे म्हणणे त्यांच्याच ग्रंथांतून पाहायला हवे. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात हिंसेच्या व्याख्येतच प्रमादाला, म्हणजे बेसावधपणाला, स्थान आहे. कुंदकुंदांच्या प्रवचनसारात ही गोष्ट आणखी धारदार होते : जो बेपर्वाईने वागतो त्याच्या हातून हिंसा झालीच, मग जीव मेला असो वा नसो, जो काळजीपूर्वक वागतो त्याला केवळ जीव मेल्यामुळे कर्माचा बंध लागत नाही. म्हणूनच जैन साधू ईर्यासमिती पाळतो, चार हात पुढची जमीन निरखून पाऊल टाकतो.

या विचारातून तिसरी शक्यता पुढे येते. दोष फक्त परिणामात नाही आणि फक्त हेतूतही नाही. आपल्या कृतीने काय होऊ शकते हे पाहण्याची जी जबाबदारी स्वीकारली, ती पाळली की नाही यातही तो असतो. परवाना घेतलेला खेळाडू ही जबाबदारी आपणहून स्वीकारतो. औषधाच्या लेबलवर नजर टाकणे, डॉक्टरला आपण स्पर्धक आहोत हे सांगणे, चाचणीच्या अर्जावर मागच्या सात दिवसांतली सगळी औषधे लिहिणे ही त्याची ईर्यासमिती. ती चुकली तर परिणाम भोगावाच लागतो. धर्मशास्त्रही हेच सांगते. अजाणता घडलेल्या पापालाही प्रायश्चित्त आहे. जाणूनबुजून केलेल्यासाठी ते अधिक कडक. अजाणतेपणामुळे प्रायश्चित्त सौम्य होते, पण ते टळत नाही.

क्रीडा लवादाचे निर्णय पुष्कळदा या तिसऱ्या वाटेने गेले आहेत. अलेस्सांद्रो पेताकी या इटालियन सायकलपटूच्या शरीरात २००७ च्या जिरोदरम्यान मर्यादेहून जास्त साल्ब्युटामॉल आढळले. त्याने फसवणूक केली नाही, पण पंप वापरताना पुरेशी काळजीही घेतली नाही, असे ठरवून लवादाने २००८ मध्ये त्याच्यावर बंदी घातली. सायमन येट्सच्या संघाने २०१६ च्या पॅरिस–नीस शर्यतीआधी टर्ब्युटालीनच्या परवानगीचा अर्जच केला नाही. चूक संघाच्या डॉक्टरची, पण चार महिन्यांची बंदी सायकलपटूला. त्याने ती भोगली आणि पुढे २०१८ ची व्हुएल्ता ही स्पेनमधली शर्यत आणि २०२५ चा जिरो जिंकला. दोष मोजून दिला, तर माणूस त्यातून बाहेर येऊन पुन्हा उभा राहू शकतो.

निरपवाद जबाबदारीचा दुसरा चेहरा कठोर आहे. तीन वेळा महाराष्ट्र केसरी झालेला मल्ल नरसिंग यादव २०१६ च्या रिओ ऑलिंपिकआधी मिथॅनडायनोन या स्टेरॉइडच्या चाचणीत अडकला. आपल्या अन्नात ते कोणी तरी मिसळले, असे त्याचे म्हणणे होते. १ ऑगस्ट रोजी ‘नाडा’च्या समितीने ते मान्य करून त्याला मुक्त केले. ‘वाडा’ने दाद मागितली आणि १८ ऑगस्टला, रिओत असतानाच, क्रीडा लवादाने पुराव्याअभावी हा खुलासा नाकारून चार वर्षांची बंदी घातली. निर्दोष असल्याचे सिद्ध करण्याचा भार खेळाडूवर असतो. कोणी केले हे शोधण्याची साधने मात्र त्याच्याकडे नसतात. हा भार न्याय्य ठरायचा असेल तर चौकशीची साधनेही खेळाडूच्या हाताशी आली पाहिजेत : वकील, प्रयोगशाळेचे तपशील, पुरेसा वेळ.

संशयाची किंमत

गौतमाच्या न्यायसूत्रांत सोळा पदार्थ सांगितले आहेत. त्यांत संशय तिसरा आणि निर्णय नववा. संशयाला एवढे मानाचे स्थान मिळाले, कारण जिथे सगळे आधीच ठरलेले असते तिथे चौकशीला जागाच नसते. संशय कसा उपजतो तेही सूत्रकारांनी सांगितले आहे. दोन गोष्टींत समान असलेला धर्म दिसतो आणि त्यांना वेगळे करणारा विशेष दिसत नाही, तेव्हा संशय येतो. अंधुक उजेडात दूर उभे असलेले खुंट आहे की माणूस, हे याचे परंपरेतले उदाहरण. पंप घेणारा विजेता याच जागी उभा असतो. पंप प्रामाणिक रुग्णही घेतो आणि लबाडही घेऊ शकतो. समान धर्म दिसतो, विशेष दिसत नाही. ‘पंप घेतो, म्हणून उत्तेजक घेतो’ हे अनुमान नैयायिकांच्या भाषेत सव्यभिचार हेतूवर उभे आहे, कारण तो हेतू दोन्ही बाजूंना आढळतो. संशय इथे चुकीचा नाही. संशयालाच निर्णय मानणे चुकीचे आहे.

ब्रिटिश सायकलपटू ख्रिस फ्रूमच्या प्रकरणात हे सगळे एकाच वेळी घडले. ७ सप्टेंबर २०१७ रोजी व्हुएल्तादरम्यान दिलेल्या नमुन्यात साल्ब्युटामॉल २००० नॅनोग्रॅम होते, मर्यादेच्या दुप्पट. लघवी किती घट्ट आहे याचा हिशेब धरल्यावर आकडा १४२९ वर आला. कारवाईसाठी धरलेली मर्यादा १२००. नियमानुसार चौकशी गुप्त राहायला हवी होती, पण डिसेंबरमध्ये बातमी फुटली. त्याने संशयाच्या छायेतच सायकल चालवली आणि मे २०१८ मध्ये जिरो जिंकला. २ जुलै २०१८ रोजी यूसीआयने प्रकरण मिटवले. परवानगीतली मात्रा घेऊनही असा आकडा येऊ शकतो, हे ‘वाडा’ने मान्य केले. माणसामाणसात, आणि एकाच माणसात दिवसादिवसात, औषध बाहेर पडण्याचे प्रमाण बदलते. पाणी कमी पडलेल्या शरीरात ते आणखी बदलते. दुसरीकडे २०१४ च्या जिरोत दिएगो उलिस्सीच्या नमुन्यात १९०० नॅनोग्रॅम सापडले होते आणि त्याला नऊ महिन्यांची बंदी झाली. श्रीमंत संघाला तज्ज्ञ आणि वकील परवडतात, इतरांना नाही, ही तक्रार त्यामुळे उठली. ती गांभीर्यानेच घ्यायला हवी. निर्णयाची कारणे जितकी उघडपणे मांडली जातील तितका असा संशय कमी होईल.

संशय घेणाऱ्यांचीही एक बाजू आहे आणि ती खोटी नाही. लान्स आर्मस्ट्राँगने सात वेळा टूर जिंकली आणि आपण कधीही चाचणीत अडकलो नाही, असे तो वर्षानुवर्षे सांगत राहिला. १९९९ साली सापडलेल्या कॉर्टिकोस्टेरॉइडवर मागच्या तारखेचे प्रिस्क्रिप्शन पुढे करण्यात आले होते. त्याच्यावर संशय घेणाऱ्या पत्रकारांना आणि सहकाऱ्यांना खोटे ठरवून छळले गेले. २०१२ मध्ये सातही किताब काढून घेतले गेले आणि जानेवारी २०१३ मध्ये त्याने कबुली दिली. शंका विचारणाऱ्यांना गप्प बसवले तर फसवणूकच पोसली जाते. भारतातली स्थितीही निश्चिंत राहण्यासारखी नाही. २०२३ मध्ये इथे तपासलेल्या ५६०६ नमुन्यांपैकी ३.८ टक्के निषिद्ध द्रव्याचे निघाले. इतक्या मोठ्या प्रमाणावर चाचण्या घेणाऱ्या देशांत हे प्रमाण फार जास्त आहे.

म्हणून फरक संशय घेणे आणि न घेणे यांत नाही. फरक वाद आणि वितंडा यांत आहे. न्यायशास्त्रात वाद सत्यासाठी असतो. वितंडेत स्वतःचा पक्ष न मांडता दुसऱ्याचा फक्त खोडायचा असतो. नमुन्याची तपासणी मागणे, कागदपत्रे मागणे, आकड्यांचा अर्थ विचारणे हा वाद आहे. २०१५ च्या टूरमध्ये एका प्रेक्षकाने फ्रूमवर लघवी फेकल्याचे त्याने सांगितले. त्या प्रेक्षकाला काही जाणून घ्यायचे नव्हते. निर्णय म्हणजे पक्ष आणि प्रतिपक्ष दोन्ही तोलून झालेला निश्चय, आणि तो होईपर्यंत खेळाडूची माणूस म्हणून असलेली प्रतिष्ठा शाबूत राहिली पाहिजे.

रुग्णावर पडणारे सावट

या संशयाची झळ शर्यतीबाहेरही पोचते. भारतात दम्याचे रुग्ण सुमारे साडेतीन कोटी आहेत आणि दम्याने होणाऱ्या जगातल्या मृत्यूंत भारताचा वाटा त्याच्या रुग्णसंख्येच्या मानाने फार मोठा आहे. योग्य औषध वेळेवर न घेणे हे त्यामागचे एक मुख्य कारण आहे. पंपाची सवय लागते, पंप म्हणजे शेवटचा उपाय, मुलीला पंप लागतो हे सोयरिकीच्या वेळी सांगू नये, अशा समजुती घराघरांत आहेत. अशा समाजात पंप आणि लबाडी यांची जोडी लावणारी प्रत्येक बातमी एखाद्या मुलाला मैदानावर पंप लपवायला शिकवते. धावताना छाती आवळली तरी तो थांबतो, सोसतो आणि पंपाला हात लावत नाही. खेळाची शुद्धता राखण्यासाठी ही किंमत मोजायची गरज नाही.

वरच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे एकमेकांना पूरक आहेत. दम्याच्या औषधात स्वतःचा असा दोष नाही. प्रमाण, प्रयोजन आणि उघडपणा यांवर उपचार की वर्धन हे ठरते. खेळाडूने स्वीकारलेली सावधगिरी चुकली तर नियमभंगाचा परिणाम त्याने भोगावा, पण फसवणुकीचे पाप त्याच्या माथी मारायचे तर हेतू सिद्ध व्हायला हवा. या दोन गोष्टींची सरमिसळ झाली की नियम क्रूर होतो आणि नंतर कोणी त्याचा आदर करत नाही. संशय जागा ठेवावा, मात्र त्याने निर्णयाची जागा घेऊ नये. डॉक्टरांनी निदान मोजून करावे आणि रुग्ण स्पर्धक आहे का ते विचारावे. प्रशिक्षकांनी खेळाडूला लेबल वाचायला आणि परवानगीचा अर्ज भरायला शिकवावे. संघटनांनी निर्णयाची कारणे जाहीर करावीत. आणि प्रेक्षकांनी, निकाल लागेपर्यंत, घाट चढणाऱ्या माणसाच्या श्वासाला त्याचा श्वास म्हणूनच पाहावे. इतके झाले तर दमा असलेला सायकलपटू पंप खिशात ठेवून, मान ताठ ठेवून शर्यतीत उतरू शकेल आणि लबाडाला त्या पंपाआड लपता येणार नाही.